सिगारच्या पेटीतला ओलावा : प्रकल्प नोंदी, नाशिक

९ मार्च २०२५

गंगापूर रोडच्या कॅप्टनकाकांचं काम घेतलं. जहाजावरच्या नोकरीत जमवलेला सिगारचा साठा, त्यासाठी स्पॅनिश सीडरचं अस्तर असलेली लाकडी पेटी आणि पेटीत मुलाने पुण्याहून पाठवलेले आर्द्रता मोजणारे चार ब्लूटूथ सेन्सर. चौघांचे आकडे चार : ६४, ६७, ६९, ७२. झाकणातला पितळी काटा ७० दाखवतो, पण तो झाकण उघडं ठेवलं तरी ७०च दाखवतो, त्यामुळे त्याला मोजणीतून बाद केलं.

काकांचा प्रश्न सरळ आहे. "अगं, यातला खरा कोण ते सांग, बाकीचे फेकून देतो."

फेकायची घाई नको म्हटलं. या सेन्सरच्या आत पॉलिमरचा एक पातळ थर असतो. तो हवेतली वाफ शोषतो, त्याने कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) बदलते आणि त्यावरून आकडा काढला जातो. या वर्गातल्या बऱ्याच चिपच्या माहितीपत्रकात अधिक-उणे २ ते ३ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे एक तीनने वर आणि दुसरा तीनने खाली असेल तर दोघांत सहाचं अंतर पडूनही दोघेही कागदोपत्री निर्दोष. चौघे एकमेकांशी जुळले असते तरी ते खरे आहेत असं त्यावरून म्हणता आलं नसतंच.

सेन्सरना क, ख, ग, घ अशी नावं दिली. क (६४) वरच्या ट्रेमध्ये, बाकीचे तळाला. ख ६९, ग ७२, घ ६७.

१५ मार्च

मिठाची तपासणी लावली. पद्धत जुनी आणि पक्की आहे : मीठ आणि पाणी यांचा संपृक्त लगदा बंद जागेत ठेवला की वरच्या हवेची आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर येऊन थांबते. ग्रीनस्पॅन यांनी १९७७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या नियतकालिकात वेगवेगळ्या क्षारांचे हे आकडे तापमानानुसार दिले, आणि आजही सगळे तेच वापरतात. साध्या मिठाचा आकडा २५ अंशाला ७५.३ आणि ३० अंशाला ७५.१. म्हणजे तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी मीठ हलत नाही. आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये पंखा आणि कूलर यांच्या मधोमध बसून हे करायचं, तेव्हा हा गुण मोलाचा.

लगद्याबद्दल थोडं सविस्तर, कारण गडबड इथेच होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण मिठाने पाऊण भरलं आणि ड्रॉपरने थेंब थेंब पाणी सोडलं. ओली वाळू दिसते तितपत झालं की थांबायचं. वर पाणी तरंगत असेल तर मीठ आणखी घालायचं. न विरघळलेले दाणे दिसलेच पाहिजेत. सगळं मीठ विरघळलं तर ते नुसतं खारट पाणी, त्याला ठरलेला आकडा नाही. झाकण आणि सेन्सर यांच्यात बोटभर अंतर ठेवलं. मीठ कडेने वर चढतं, आणि सेन्सरच्या जाळीला एकदा लागलं की त्या सेन्सरचं खरं-खोटं पुन्हा कळत नाही.

घट्ट झाकणाचा फ्रिजचा डबा, तो थर्माकोलच्या खोक्यात, खोकं टेबलाखाली. झिपच्या पिशवीतही होतं, पण पिशवीची झिप कुठेतरी उघडी राहतेच आणि मार्चातली कोरडी हवा तेवढ्यावर आत शिरते. रात्रभर हात लावायचा नाही.

१६ मार्च

डब्यात २६.४ अंश, खरा आकडा ७५.२ धरला.

क ७२.६
ख ७५.९
ग ७८.८
घ ७४.०

म्हणजे ख जवळजवळ बरोबर, ग साडेतीनने जास्त, घ सव्वाने कमी, क अडीचने कमी. या दुरुस्त्या ९ तारखेच्या पेटीतल्या आकड्यांना लावल्या तर ख, ग, घ तिघेही ६८च्या आसपास येतात. पेटीत ६९ची दुतर्फा पुडी आहे (या पुड्यांतही क्षाराचं संपृक्त द्रावणच असतं, ओलावा कमी झाला की देतं, जास्त झाला की घेतं), त्यामुळे ६८ पटतं. क मात्र दुरुस्तीनंतरही साडेसहासष्टच्या आसपास. वरच्या ट्रेमध्ये काहीतरी वेगळं चाललंय. ते नंतर.

२२ मार्च

लॅब केमिकलच्या दुकानातून मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम आयोडाइड आणलं. पहिल्याचा आकडा ३३च्या खाली, दुसऱ्याचा २५ अंशाला ६८.९. पोटॅशियम आयोडाइड महाग आहे आणि तापमानाबरोबर हलतं (३० अंशाला ६७.९), पण सिगार जिथे ठेवायचे नेमक्या त्याच आकड्यावर ते बसतं. २७ अंशाला ६८.५ धरून चाललं.

क सेन्सरने मजा आणली. मॅग्नेशियम क्लोराइडवर तो ३३.५, म्हणजे जवळपास एकने जास्त. आयोडाइडवर ६६.४, म्हणजे दोनने कमी. मिठावर अडीचने कमी. फक्त ३३वर तपासून एक आकडा वजा केला असता तर ७०च्या पट्ट्यात चूक उलट वाढली असती. जिथे वापरायचं तिथेच तपासायचं, हे आम्ही प्रेशर गेजच्या गिऱ्हाइकांना रोज सांगतो, ओलाव्यालाही तेच.

दुसरी भानगड ॲपची. ऑफसेट (दुरुस्तीचा आकडा) टाकला की काकांच्या फोनवर आकडा सुधारतो, मुलाच्या पुण्यातल्या फोनवर मात्र जुनाच. कारण या सेन्सरमध्ये दुरुस्ती लिहिली जातच नाही, ती त्या त्या फोनच्या ॲपमध्ये बसते. बापलेकांचं दोन आठवडे फोनवर भांडण चालू होतं ते यामुळे! उपाय : ॲपमध्ये काहीही टाकायचं नाही. सेन्सर कच्चा आकडा हवेत सोडतो, तो एका ईएसपी३२ बोर्डाने (ब्लूटूथ-वायफाय असलेला छोटा सर्किट बोर्ड) पकडायचा, दुरुस्ती तिथे करायची आणि दोघांनी तिथलाच आलेख बघायचा.

२९ मार्च

बोर्ड चालू झाला. त्याच बोर्डावर एक एसएचटी३१ हा आर्द्रतेचा सेन्सर लावून पाचवा साक्षीदार करावा असं वाटत होतं, पण वायफाय चालू असताना बोर्ड गरम होतो, शेजारचा सेन्सर दीड-दोन अंश जास्त दाखवतो आणि आर्द्रता त्या मानाने पाडून दाखवतो. सेन्सर खोटं बोलत नाही, तो स्वतःभोवतीच्या गरम हवेची आर्द्रता अगदी बरोबर सांगतो. आपल्याला ती नको आहे. सेन्सर वीतभर वायरवर लांब नेला, बोर्ड पेटीबाहेर. ठीक झालं.

ब्लूटूथ लाकडातून आरामात येतं. ट्रे गच्च भरले की ताकद थोडी घटते, कारण २.४ गिगाहर्ट्झला पाणी आवडत नाही आणि सिगारमध्ये पाणी असतं. चालून जातं.

६ एप्रिल

वरच्या ट्रेचं कोडं सुटलं. साहेबांच्या परवानगीने वर्कशॉपचा पीटी१०० (प्लॅटिनमचा अचूक तापमापी) घेऊन गेले. निघण्याआधी तो बर्फाच्या पाण्यात शून्याला तपासला होता. पेटी बैठकीत पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. दुपारी चारला वरच्या ट्रेमध्ये २७.४ आणि तळाला २६.२ अंश. आर्द्रता (दुरुस्तीनंतर) वर ६६, तळाला ७१.

काका म्हणाले, "म्हणजे वरचा सेन्सर बिघडलाय."

नाही. हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडला. २७.४ अंशाला हवा जास्तीत जास्त ३६.४ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) इतकी वाफ धरते. त्याचे ६६ टक्के म्हणजे २४. तळाला २६.२ अंशाला कमाल ३३.९, आणि २४ भागिले ३३.९ म्हणजे ७०.८. वाफ वर-खाली सारखीच आहे. सव्वा अंशाच्या फरकाने पाच टक्क्यांचा फरक पडला. थोडक्यात, या पट्ट्यात एक अंशाला चार टक्के. सेन्सरच्या अडीच टक्के चुकीसाठी मी दोन आठवडे मीठ कालवत होते, आणि पश्चिमेची भिंत रोज दुपारी त्याच्या दुप्पट हलवत होती.

पेटी आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला नेली. संध्याकाळी वर-खाली अर्ध्या अंशाचा फरक.

झाकणाची कागदाची चाचणीही केली : दहाची नोट झाकणात धरून बंद करायची आणि ओढायची. तीन बाजूंना अडकते, मागे बिजागरीजवळ सरळ निघून येते. पुडी महिन्यात कडक का होते त्याचं उत्तर मिळालं.

१२ एप्रिल

ओला-सुका तापमापी लावून एकदा पडताळलं. सुका २७, ओला २२.५. तक्त्याप्रमाणे ६८. तक्ता समुद्रसपाटीच्या दाबाचा, नाशिक सुमारे ६०० मीटर उंचावर. दाब धरून काढलं तर ६८.६. अर्ध्या टक्क्याचा फरक, या कामाला नगण्य. मिठाच्या आकड्याला उंचीचा असा त्रास नाही.

१३ एप्रिल

सकाळी काकांचा फोन. तळातल्या एका सिगारला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक आणि ट्रेमध्ये तपकिरी भुकटी. जाऊन पाहिलं. तंबाखूचा किडा, लॅसिओडर्मा. अंडी पानात आधीपासून असू शकतात, थंडीत गप्प असतात, उष्णता वाढली की फुटतात.

आलेख काढून बघितला. आर्द्रता सबंध महिना ६६ ते ७१, कुठेही गैर नाही. तापमान मात्र मार्चअखेरपासून दुपारी २८-२९ला जातंय. पुस्तकी शिफारस १६ ते १८ अंशांची, आणि चोविसाच्या वर किड्याचं भय वाढतच जातं. पाच जण रोज आर्द्रतेचा आकडा बघत होते, त्याच पडद्यावर शेजारी लिहिलेलं तापमान कुणालाच दिसत नव्हतं.

काकांना स्पष्ट सांगितलं : आर्द्रतेचं काम निम्मं झालंय, आता तापमानाचं करू. ६९ आहे की ६७, याने या सिगारचं फार बिघडणार नाही. २९ अंशाने बिघडेल.

भोकाचा आणि त्याच्या शेजारचे सिगार वेगळे काढले. बाकी सगळे दुहेरी झिपच्या पिशव्यांत, एक दिवस फ्रिज, तीन दिवस डीप फ्रीझर, पुन्हा एक दिवस फ्रिज, मग खोलीत. एकदम फ्रीझरमध्ये घातले तर वरचं पान तडकतं, म्हणून टप्पे. काकू फ्रीझरमधले मटार बाहेर काढताना काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

२६ एप्रिल

जुना वाइन कूलर मिळाला. नाशकात ही एक सोय आहे. द्राक्षबागा आणि वायनरी वाढल्या तसे हे कूलरही इथे आले, आणि वापरलेला चांगला कूलर शोधायला फार फिरावं लागत नाही. कॉम्प्रेसरचा आहे. पेल्टिअरचा (कॉम्प्रेसरशिवाय, थेट विजेने थंड करणारा) मुद्दाम घेतला नाही. तो खोलीपेक्षा ठरावीकच अंशांनी थंड करतो आणि मे महिन्यात नेमका तेव्हाच दमतो.

१८ अंशांवर लावला, रिकामाच. आलेख दातेरी : कॉम्प्रेसर चालू झाला की आर्द्रता पंधरा टक्क्यांनी पडते, बंद झाला की वर येते. कारण उघड आहे. १८ अंश आणि ६९ टक्के अशा हवेचा दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो, आणि मागची थंड पट्टी त्याच्या कितीतरी खाली असते. हवेतलं पाणी पट्टीवर जमून नळीवाटे बाहेर. पुडी कितीही मोठी ठेवली तरी ती या गळतीला पुरी पडणार नाही.

३ मे

उपाय : कूलरने फक्त थंड करायचं, ओलावा डब्याच्या आत सांभाळायचा. रबरी कडेचे हवाबंद प्लास्टिकचे डबे, आत सीडरच्या पट्ट्या, प्रत्येक डब्यात एक पुडी आणि एक सेन्सर.

काकांना हे अजिबात रुचलं नाही. "माझे सिगार म्हणजे काय पोळ्या आहेत का डब्यात भरायला? ती पेटी सिंगापूरहून आणलीय."

"काका, पेटी बैठकीत ठेवा, पंधरा दिवसांत ओढायचे तेवढे तिच्यात. साठा डब्यात."

काकूंनी माझी बाजू घेतली. त्यांना फ्रीझर परत हवा होता.

एक काळजी घेतली. २८ अंशांचा, ६९ टक्क्यांचा बंद डबा थेट १८मध्ये घातला तर आतल्या हवेत २६ हेक्टोपास्कल वाफ आणि १८ अंशाला कमाल जागा २०.६. जास्तीचं पाणी भिंतीवर आणि पानावर उतरणार. म्हणून कूलर आधी २५वर आणि दर दोन दिवसांनी दोन-दोन अंशांनी खाली.

११ मे

डब्यातला आलेख सपाट. बाहेर कूलरची हवा वर-खाली होते, डब्यात दिवसभरात एक टक्काही हलत नाही. याच्यातला थोडा भाग खरा आणि थोडा सेन्सरचा आळस, हे कळायला एक डबा उघडून पाहिला. आकडा लगेच पडला आणि झाकण लावल्यावर अर्ध्या तासात वर आला. म्हणजे सेन्सर जागा आहे.

पण अर्ध्या तासात हवा भरली, पान नाही. पानाचं मोजण्यासाठी एक सिगार साक्षीदार म्हणून ठेवलाय आणि दर रविवारी सोनाराच्या प्रकारच्या छोट्या काट्यावर तोलतेय. पेटीतून काढला तेव्हा १३.४२ ग्रॅम होता, आज १३.५४. आर्द्रतेचा आकडा पहिल्या दिवसापासून ६९ आहे, वजन अजून चढतंच आहे. सासूबाई सिन्नरच्या, घरात विड्या वळणं बघत मोठ्या झालेल्या. त्यांनी तो सिगार दोन बोटांत दाबून सांगितलं, "वरचं पान वळंल, आतलं मोडंल." काट्याचंही म्हणणं तेच.

१ जून

साक्षीदार १३.६१वर थांबला. आता हवा आणि पान एका ठिकाणी आले असं मानते.

८ जून

निफाडच्या मेहुण्यांनी विचारलं, यातला एक सेन्सर कांद्याच्या चाळीत लावू का? साठवणीच्या कांद्यालाही ६५ ते ७० टक्केच सांगतात, तापमान २५ ते ३० चालतं. एक दिला, पण मिठाची दुरुस्ती वगैरे सांगितली नाही. चाळीला चारी बाजूंनी वारा, तिथे आर्द्रता बाहेरच्या हवामानाप्रमाणे दिवसात तीस-चाळीस टक्के फिरते. दोन टक्के चुकणारा सेन्सर तिथे सोन्यासारखा. सेन्सर ढिगाच्या आत, जाळीच्या डबीत, मातीपासून जपून. एवढंच.

२० जुलै

पावसाने बाहेर कायम ८५च्या वर. घ सेन्सर जूनपासून बैठकीतल्या खिडकीत होता, त्याला आज मिठात घातलं : ७७.१. मार्चात तोच ७४ होता. तीन टक्के वर सरकला. हे बिघडणं नव्हे. या चिपच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की ऐंशीच्या वर साठेक तास राहिला तर आकडा तात्पुरता तीनपर्यंत चढू शकतो. डब्यातल्या क आणि ग यांच्यात मार्चपासून अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त बदल नाही.

फार सरकलेल्या उघड्या चिपसाठी १०० ते १०५ अंशांवर दहा तास कोरडं भाजून मग ७४ टक्क्यांच्या वर बारा तास ठेवायची रीत आहे. पण ती चिपसाठी. प्लास्टिकच्या खोक्यातल्या, आत बटणसेल असलेल्या सेन्सरला ओव्हनमध्ये घालायचं नाही. काकांनी विचारलं होतं म्हणून लिहून ठेवते. घ पंख्याखालच्या कोरड्या कपाटात ठेवलाय, महिन्याने पुन्हा बघू.

२७ जुलै

हवाली केलं. इशारे असे लावले : आर्द्रता ६२च्या खाली किंवा ७३च्या वर सलग दोन तास राहिली तर, आणि तापमान २२च्या वर एक तास गेलं तर. दारं उघडल्याने होणाऱ्या घसरणीवर फोन वाजू नये म्हणून वेळेची अट. तापमानाचा आकडा पडद्यावर वर आणि मोठ्या अक्षरात, आर्द्रता त्याच्या खाली, दशांश काढून टाकून. काकांना दशांश हवा होता. तपासणीनंतरही सगळं धरून दोन टक्क्यांची अनिश्चितता राहते, मग ६८.७ कशासाठी दाखवायचं? नाही दिला.

डब्यांवर सेन्सरचं अक्षर, दुरुस्तीचा आकडा आणि तपासणीची तारीख यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सेल बदलताना सेन्सर एका डब्यातून दुसऱ्यात गेला तर चिठ्ठीही जायला हवी, हे मुलालाही कळवलं. पुढची मिठाची तपासणी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. आयोडाइडची बाटली काकांच्याच कपाटात, गडद रंगाची, झाकण घट्ट.